कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं! पैसे भरून केलेल्या वन्यजीव 'रिसर्च इंटर्नशिप'चा अनुभव

एका वन्यजीव इंटर्नशिपची जाहिरात सध्या सगळीकडे फिरतेय, त्यात झाडाला कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) बांधणारी मुलगी दिसते ती मी आहे. ती बघून कोणी फॉर्म भरायच्या बेतात असाल तर आधी हे वाचा.

एमएस्सी झाल्यावर वर्षभर मी प्रोजेक्ट असिस्टंटच्या पोस्टसाठी अर्ज करत होते. सगळीकडे एकच प्रश्न, फील्डचा अनुभव किती? काम नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून काम नाही. अशात ही सहा आठवड्यांची इंटर्नशिप दिसली, बिबट्यांची गणना, सर्टिफिकेट आणि शिवाय रिसर्च पेपरमध्ये नाव, मग काय, साठवलेले सगळे पैसे फीमध्ये घातले. आपण प्राण्यांसाठी काहीतरी करतोय म्हटल्यावर हिशोब विचारायलाच लाज वाटते, आणि हे त्या लोकांना बरोबर माहीत असतं.

पहिला आठवडा छान गेला, दुसऱ्यात खटकायला लागलं. बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून एकेक बिबट्या ओळखायचा तर वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. इथे प्रत्येक ठिकाणी एकच. विचारलं तर इंटर्नशिप चालवणारे सर म्हणाले, "आपली मेथड वेगळी आहे गं." मी गप्प बसले. मग ट्रान्सेक्ट, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून चालायचं आणि हरणं दिसली की नोंद करायची. पण हरणं रेषेपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात होती याचा रकानाच शीटमध्ये नव्हता! ते अंतर नसेल तर नजरेतून किती सुटली याचा अंदाज बांधता येत नाही आणि घनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती हरणं आहेत ते, काढता येत नाही. पाय दुखेपर्यंत चाललो आम्ही, त्याचा उपयोग शून्य.

चौथ्या आठवड्यात बॅटऱ्या बदलायला मी आणि अजून एक मुलगी गेलो. पहिल्या कॅमेऱ्याचं झाकण उघडलं तर आत मेमरी कार्डची जागा रिकामी. वाटलं कोणी चोरलं असेल. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात होतं पण तारीख-वेळ कधी सेटच केलेली नव्हती, त्यामुळे कुठला फोटो कधीचा काही कळायला मार्ग नाही. सहापैकी चार कॅमेरे रिकामे निघाले. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कॅमेरा बांधतानाचे फोटो मिळाले ना तुम्हाला?" मी त्या रात्री खूप रडले, पैशासाठी नाही, आपण इतके दिवस नक्की कोणासाठी राबलो म्हणून.

आता मी पैसे किंवा वेळ द्यायच्या आधी विचारतेच की परवानगी कोणत्या खात्याची आणि कोणाच्या नावावर आहे, गेल्या सीझनचा डेटा कुठे आहे, त्याचं विश्लेषण कोण करतं. आणि जुन्या इंटर्नशी बोलायचं तर ते आपण शोधलेले हवेत, त्यांनी दिलेल्या नंबरवरचे नकोत. चांगल्या प्रोजेक्टवाल्यांना या प्रश्नांचा राग येत नाही, उलट ते शीट उघडून दाखवतात. तोवर घरी बसून आर (आकडेवारीचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) शिका, दोन्ही फुकट आहेत आणि मला पुढचं काम त्यावरच मिळालं.

पण खरी वाईट गोष्ट पुढेच आहे. इंटर्नशिप संपल्यावर पेपर आला, चार दिवसांत स्वीकारला गेलेला, कोणी एक शंका विचारली नव्हती. जर्नलला आयएसएसएन होता म्हणे, पण तो फक्त ओळख क्रमांक असतो, आतलं संशोधन कोणी तपासलंय असा त्याचा अर्थ नाही. आणि त्या पेपरमध्ये बिबट्यांचा आकडा छापलाय. कार्ड नसलेल्या कॅमेऱ्यांतून! उद्या कोणी त्यावर विसंबून त्या जंगलाचा निर्णय घेतला तर?

पेपरमधून माझं नाव काढा म्हणून तीन मेल केले, उत्तर नाही. आमच्या बॅचमधलं कोणी हे वाचत असेल तर तुम्हीही संपादकांना लिहा, आपण सगळ्यांनी मिळून सांगितलं तर पेपर मागे घ्यायला लावता येईल.