जपमाळेतून निसटलेले मणी

एलिझाबेथ गिल्बर्टच्या २००६मधल्या ‘ईट प्रे लव्ह’ या स्वतःच्या वर्षभराच्या प्रवासावरच्या पुस्तकात १०८ प्रकरणं आहेत, जपमाळेच्या मण्यांइतकी. इटली, भारत आणि इंडोनेशिया यांच्या वाट्याला प्रत्येकी ३६. प्रकरणं छोटी, त्यात ती विनोद करते, रडते आणि लगेच स्वतःचीच टिंगल करते. पुस्तक तरतं ते या टिंगलीवर. २०१०मध्ये रायन मर्फीनं ज्युलिया रॉबर्ट्सला घेऊन चित्रपट केला, तेव्हा नेमकी तीच गळाली. १३३ मिनिटांत देश बदलतात, उजेड सोनेरी राहतो, आणि निवेदनातली वाक्यं सुविचारांच्या फलकासारखी ऐकू येतात.

रोम आणि नेपल्सचा भाग उत्तम जमला आहे. पास्ता आणि पिझ्झा पडद्यावर दिसतात, त्यामुळे भूक परत येणं समजवावं लागत नाही. प्रार्थनेचं तसं नाही.

मराठी प्रेक्षक अडखळतो तो आश्रमात. पुस्तकात लेखिका मुंबईला उतरून टॅक्सीनं गावातल्या आश्रमात जाते. तिनं नाव दिलेलं नाही, पण तो गणेशपुरीचा आश्रम असल्याचं सर्रास मानलं जातं. चित्रीकरण मात्र हरियाणातल्या पतौडीचं, म्हणून गणेशपुरीच्या तानसा खोऱ्याऐवजी उत्तरेची सपाट, धुळकट जमीन दिसते. ते एकवेळ चालेल. खरी चूक गुरुगीतेची, म्हणजे गुरूच्या स्तुतीच्या स्तोत्राची. गुरुचरित्राच्या ४९व्या अध्यायामुळे आपल्याकडे ती अनेकांच्या ओळखीची. पुस्तकात ती १८२ श्लोकांची, रोज सकाळी सुमारे दीड तास चालणारी शिक्षा आहे. लेखिका चिडते, पळवाटा शोधते, आणि शेवटी झोप न येणाऱ्या छोट्या भाच्यासाठी म्हणू लागल्यावर तिला ती जमते. चित्रपटात भाचा नाही. त्याची जागा तुळशी या मुलीच्या लग्नानं घेतली आहे. लग्न रंगीत दिसतं हे खरं, पण रोजची कंटाळवाणी झटापट गेली की उरतं नुसतं पर्यटन. या भागात एकच प्रसंग मनात राहतो, गच्चीवरचा. आश्रमात भेटलेला टेक्सासचा रिचर्ड (रिचर्ड जेन्किन्स) आपल्या दारूबद्दल आणि मुलाबद्दल बोलतो. इथे ना सजावट ना उपदेश, त्याचा चेहराच सगळं काम करतो.

आणखी एक गाळलेला तपशील महागात पडला. या प्रवासाचा खर्च प्रकाशकानं पुस्तकासाठी आगाऊ दिलेल्या पैशांतून झाला, हे गिल्बर्ट पुस्तकात स्वतःच सांगते. चित्रपट त्याबद्दल गप्प, म्हणून ‘हिला वर्षभर भटकायला पैसे आले कुठून?’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनातून जात नाही.

आत्मकथन पडद्यावर आणायचं हेच काम चेरिल स्ट्रेडच्या पुस्तकावरच्या ‘वाइल्ड’नं (२०१४) कसं केलं ते पाहा. आईच्या मृत्यूनं कोलमडलेली स्ट्रेड १९९५ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांबलचक पायवाटेवर मोहावी वाळवंटापासून ‘ब्रिज ऑफ द गॉड्स’पर्यंत सुमारे १,७७० किलोमीटर चालली. पटकथाकार निक हॉर्नबी आणि दिग्दर्शक जाँ-मार्क व्हॅले यांनी तिचं दुःख वस्तूंवर सोपवलं. सुरुवातीलाच निघालेलं नख आणि दरीत गेलेला बूट. पाठपिशवी इतकी जड की चेरिल झालेल्या रीझ विदरस्पूनला आधी जमिनीवर पडून पट्ट्यांत हात घालावे लागतात, मग कुशीवर वळून उठावं लागतं. स्टोव्हचं इंधन चुकीचं, म्हणून थंड लापशी. आईच्या आठवणी रीतसर फ्लॅशबॅक होऊन येत नाहीत; एखादी गुणगुण, एखादा तुकडा, की पुन्हा पायवाट. चालताना डोकं असंच चालतं.

पुस्तक ११५ मिनिटांत बसवण्यासाठी किंमत मोजली आहेच. पुस्तकातला सावत्र बाप एडी आणि बहीण कॅरन गायब आहेत. आई गेल्यावर अख्खं घर विस्कटतं, ही पुस्तकातली मोठी जखम. इथे ती जवळपास आई-मुलीपुरती उरते. लॉरा डर्ननं आई इतकी जिवंत केली आहे की पहिल्या पाहण्यात हे जाणवतही नाही.

आधी काय, पुस्तक की चित्रपट? ‘वाइल्ड’ आधी पाहावा. वाचताना एडी आणि कॅरन भेटतात तेव्हा गोष्ट नव्यानं उलगडते. ‘ईट प्रे लव्ह’ आधी वाचावं. सगळं नको असेल तर ३७ ते ७२ ही भारताची प्रकरणं, आणि मग चित्रपटातला इटलीचा भाग, शक्यतो जेवून.