चौदा महिन्यांनंतर: टॉवेल कारखान्याचं डोमेन आणि ऑफिसचं ईमेल

मागच्या वर्षी सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती, त्याच आठवड्यात आमचे मेल यायचे थांबले. पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही, संक्रांतीमुळे काम मंदच होतं. तिसऱ्या दिवशी गोव्याच्या एका हॉटेलच्या खरेदी विभागातून अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन आला. "तुमच्या पत्त्यावर पाठवलेली ऑर्डर परत येतेय. कारखाना चालू आहे ना?" चाळीस वर्षं लूम चालवलेल्या माणसाला हा प्रश्न ऐकून घ्यावा लागला. अण्णा काही बोलले नाहीत, फोन ठेवून थेट शेडमध्ये गेले. मला फार लागलं ते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, सोबत थोड्या चादरी. ऑफिस मी बघते. बिलं, जीएसटी, डिस्पॅच, आणि त्या दिवसापासून डोमेन (म्हणजे वेबसाइटचं आणि ईमेलमध्ये @ च्या पुढे येणारं नाव) अन् ईमेलसुद्धा. चौदा महिने झाले, सगळं स्वतःच्या हाताने केलं, म्हणून सविस्तर लिहितेय. आमच्या आजूबाजूच्या किती गाळ्यांची अवस्था आमच्यासारखीच आहे ते मला माहीत आहे.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी एका मुलाने आमची वेबसाइट करून दिली होती. डोमेन त्याने स्वतःच्या खात्यातून घेतलं, मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि ईमेलचा पत्ताही स्वतःचाच. आम्ही दरवर्षी त्याला पैसे देत होतो. मग तो पुण्याला नोकरीला लागला, जुना मेल बघणं त्याने सोडलं, आणि डोमेनची मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. मुदत संपली आणि आमचे मेल थांबले. शेड आपलं, लूम आपले, पण लाइटचं मीटर तिसऱ्याच माणसाच्या नावावर, अशी गत. व्हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या नोंदीत, आमच्या डोमेनचं नाव टाकून बघितलं तर आमच्या फर्मचा कुठे उल्लेखच नाही.

मुलगा भला होता. पाचव्या दिवशी सापडला, स्वतःहून माफी मागितली आणि त्याच संध्याकाळी नूतनीकरण केलं. आम्ही वाचलो ते वेळेमुळे. डॉट कॉमची मुदत संपल्यावर बहुतेक ठिकाणी काही दिवस, जास्तीत जास्त 45, नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं. त्यानंतर नाव काढून टाकलं गेलं की 30 दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात नाव परत मिळतं पण वर वेगळे आणि बरेच जास्त पैसे मोजून. मग शेवटचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि नाव बाजारात मोकळं. सोलापूर आणि टॉवेल हे दोन शब्द असलेलं नाव मोकळं झालं असतं तर ते आमची वाट बघत थांबलं नसतं.

पुढचं काम डोमेन आमच्या खात्यात आणायचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे, तो मला वेळेवर कळला हे नशीब. मी आधी मालकाचं नाव बदलायला निघाले होते. पण डॉट कॉमच्या नियमाप्रमाणे मालकाचं नाव बदललं की 60 दिवस ते डोमेन विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, असं कुलूप लागू शकतं. म्हणून आधी त्या मुलाकडून डोमेनचं लॉक काढून घेतलं, ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा पासवर्ड) मागवला, आमच्या फर्मच्या नावाने नवं खातं उघडून तिथे ट्रान्सफर केलं आणि मग नाव बदललं. ट्रान्सफरला पाच दिवस लागले. पैसे भरले ते वाया जात नाहीत, डॉट कॉमच्या ट्रान्सफरमध्ये एक वर्ष वाढून मिळतं.

नव्या खात्याचा ईमेल मात्र मी मुद्दाम आमच्या डोमेनवरचा दिला नाही. डोमेनच बंद पडलं तर ते बंद पडल्याची सूचना त्याच पेटीत कशी येणार? फर्मच्या नावाने एक वेगळं जीमेल उघडलं, ते फक्त ह्याच कामासाठी. त्याचा पासवर्ड मला आणि माझ्या नवऱ्याला माहीत आहे, रिकव्हरी कोड छापून चेकबुकांच्या कपाटात ठेवलेत.

ऑटो-रिन्यूवर मी भरवसा ठेवत नाही. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे नियम बदलले, तेव्हापासून परदेशी कंपन्यांची अशी वसुली बऱ्याचदा अडकते. आम्ही पाच वर्षांचे पैसे एकदम भरले. दहा वर्षांपर्यंत भरता येतात. आणि पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा. वर 18 टक्के जीएसटी असतो, खात्यात जीएसटी नंबर टाकला तर त्याचं क्रेडिट मिळतं. आमच्या दिवाणजींनी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं.

ईमेलसाठी आम्ही झोहो मेल घेतलं. चेन्नईची कंपनी, बिल रुपयांत. सुरुवात फुकटच्या योजनेवर केली, आम्ही घेतली तेव्हा त्यात पाच माणसं आणि प्रत्येकाला 5 जीबी जागा होती. सहा आठवडे तेवढ्यावर छान चाललं. पण फुकटच्या योजनेत आयमॅप नाही, म्हणजे मेल ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या ॲपवरच बघायचे. दिवाणजींचा हात आउटलुकवर बसलेला. "काय ओ वैनी, ह्यात माझं काहीच जागेवर दिसेना," असं रोज सकाळी. शेवटी पैशाची योजना घेतली, महिन्याला माणशी शंभर रुपयांच्या आत बसली. आता ते खूश आहेत.

मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ग्रुपच्या पत्त्यांचा. आधी आमचं एकच जीमेल होतं आणि त्याचा पासवर्ड चार फोनमध्ये. विक्री बघणारा मुलगा काम सोडून गेला तेव्हा ते जीमेल त्याच्या खिशातून गेलं म्हणा ना. कुठल्या गिऱ्हाइकाला काय भाव दिला ते सगळं त्यात. आता सेल्स, अकाउंट्स आणि एक्सपोर्ट असे तीन पत्ते आहेत, त्यांना वेगळी पेटी नाही, वेगळे पैसे नाहीत. सेल्सवर आलेला मेल मला आणि दिराला दोघांना येतो. माणूस बदलला की ग्रुपमधलं नाव काढायचं, गिऱ्हाइकाकडे गेलेलं व्हिजिटिंग कार्ड तेच राहतं.

आता ज्या गोष्टीने मला दोन महिने रडवलं ती. आमचे मेल स्पॅममध्ये जायचे. नवी सेवा, पैसे भरलेले, तरी नागपूरचे एक जुने व्यापारी म्हणायचे, "ताई, तुमचं कोटेशन जंकमध्ये सापडलं." मी त्यांना तो मेल उघडून जीमेलमधलं 'शो ओरिजिनल' दाबायला सांगितलं आणि स्क्रीनचा फोटो मागवला. त्यात एसपीएफच्या पुढे पास नव्हतं, पर्मएरर होतं, म्हणजे नोंदच चुकलेली.

एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदींत, एका ओळीत लिहिलेली असते. डीएनएस उघडून बघते तर तिथे अशा दोन ओळी. एक जुन्या होस्टिंगची, एक मी घातलेली झोहोची. नियम असा की एसपीएफची ओळ एकच हवी. दोन असल्या की समोरचा सर्व्हर कोणतीच धरत नाही. जुनी काढली, सगळं एका ओळीत घेतलं, तासाभरात पास दिसायला लागलं. पण गंमत तिथे संपली नाही, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून जी बिलं थेट ईमेलने जायची ती अजून अडत होती, कारण ती तिसऱ्याच सर्व्हरवरून जात होती. तोही यादीत घातला. यादी वाटेल तितकी लांबवता येत नाही, समोरच्या सर्व्हरला दहापेक्षा जास्त वेळा डीएनएसमध्ये शोधावं लागलं तर एसपीएफ नापास होतं.

एसपीएफसोबत डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवर उमटणारी सही, आणि डीमार्क, म्हणजे ही तपासणी नापास झाली तर मेलचं काय करायचं ते सांगणारी ओळ. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. थोडे मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांवर पाठवत असाल तर तिन्ही. आम्ही दिवसाला पन्नास पाठवतो, तरी तिन्ही केलं. डीमार्क पहिले दोन महिने फक्त 'नन'वर ठेवलं, म्हणजे अडवू नका, नुसतं कळवा. रोज अहवालाच्या फाइली यायच्या, वाचायला किचकट, पण बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा पत्ता मला तिथेच दिसला. मग 'क्वारंटाइन', म्हणजे स्पॅममध्ये टाका, आणि दिवाळीनंतर 'रिजेक्ट', म्हणजे घेऊच नका. घाई करून पहिल्या दिवशी रिजेक्ट लावलं असतं तर आमचीच बिलं आम्ही अडवली असती.

एवढं करूनही एक फट राहिली, आणि ती खास सोलापूरची आहे. आपल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या काळी एसनंतर एच लावून लिहायचे. आमच्या फर्मच्या जुन्या लेटरहेडवर तसंच आहे, जुन्या गिऱ्हाइकांच्या वह्यांत तसंच आहे. डोमेन मात्र आजच्या स्पेलिंगचं. मी डॉट कॉमसोबत डॉट इन घेतलं होतं, एचवालं नाव घेतलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये कुणीतरी ते घेतलं आणि त्यावरून नागपूरच्या त्याच व्यापाऱ्यांना मेल गेला. आमचा लोगो, दिवाणजींचं नाव, खरा बिल नंबर, आणि खाली, "आमचं बँक खातं बदललं आहे, कृपया नव्या खात्यावर पैसे पाठवावेत."

बिल नंबर त्या ठगांना कुठून मिळाला ते अजून कळलेलं नाही. पत्ता बघून त्या व्यापाऱ्यांना शंकाही आली नाही, उलट जुनं ओळखीचं स्पेलिंग दिसलं. पण रक्कम मोठी होती म्हणून पैसे टाकण्याआधी त्यांनी अण्णांना फोन केला. "अण्णा, बँक का बदलली हो?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा माझे हात गार पडले होते.

डीमार्क इथे काही करू शकत नाही. ते आपल्या नावाचं रक्षण करतं, आपल्यासारख्या दिसणाऱ्या नावाचं नाही. मी सायबर गुन्ह्यांच्या 1930 ह्या क्रमांकावर कळवलं, ते डोमेन ज्या कंपनीतून घेतलं होतं त्यांच्या तक्रारीच्या पत्त्यावर त्या मेलची प्रत आणि हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला त्याची नोंद, पाठवले. नऊ दिवसांनी ते नाव बंद झालं. डोमेनच्या वादासाठी जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेकडे, रीतसर दावा लावता येतो, पण एका नावासाठी तिथली फी 1,500 डॉलरपासून सुरू होते. लहान कारखान्याने ती कुठून आणायची? त्यापेक्षा जवळची स्पेलिंगं आधीच घेऊन ठेवणं कितीतरी स्वस्त. चादर शब्दात तर डी एक की दोन हाही प्रश्न आहेच, आम्ही दोन्ही घेतली. एचवालं नाव मोकळं व्हायची वाट बघतेय, तारीख कॅलेंडरवर लिहिलीय.

आता आमच्या प्रत्येक बिलाच्या तळाला मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक ओळ असते, की आमचं बँक खातं बदललं तर आम्ही ईमेलवर कधीच कळवत नाही, अण्णांना फोन करा. अण्णांचा नंबर ठळक छापलाय. त्या ओळीचा मजकूर अण्णांनी स्वतः सांगितला.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गाळ्यातले काका लॅपटॉप घेऊन आले, त्यांचा सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावायचा धंदा. त्यांच्या नावाचं व्हूइज काढलं. मालक म्हणून तिसऱ्याच कुणाचं तरी नाव, मुदत संपायला 41 दिवस. काकांनी त्या माणसाचा नंबर जुन्या डायरीतून शोधून काढला, आणि आम्ही तिथेच बसून फोन लावला. ऑथ कोड सोमवारी देतो म्हणालाय.