दोन छोट्या विमानतळांमधला प्रवास: थेट एटीआर की विमान बदलून जेट?

दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर नेटवर शोधलं की दोन आकडे हाती येतात: किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ. पहिला आकडा धरून चालायला हरकत नाही. दुसऱ्यावर विसंबून मात्र तिकीट काढू नका. तो वेळ बहुतेकदा सरळ हवाई अंतराला जेटच्या वेगाने, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास, भागून आणि वर अर्धा तास मिळवून काढलेला असतो. अशा मार्गांवर पुष्कळदा जेट उडतच नाही. तिथे असतं एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान, ताशी साधारण ५०० किलोमीटरने जाणारं.

वेग इतका कमी म्हटल्यावर अनेकजण थेट एटीआर सोडून मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं ठरवतात. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो.

समजा, हवाई अंतर ४५० किलोमीटर आहे. एटीआरला तिकिटावरच्या वेळेनुसार सव्वा ते दीड तास लागेल. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. याच अंतरासाठी थेट जेट असतं, तरी वाचली असती जेमतेम दहा-वीस मिनिटं. कारण जेटला खरा वेग मिळतो ३५,००० फुटांच्या आसपास, आणि तिथवर चढून स्थिरावतंय तोच उतरायची वेळ येते. एटीआर २५,००० फुटांच्या वर जातच नाही, त्यामुळे चढण्या-उतरण्यात त्याचा वेळ कमी मोडतो.

आता विमान बदलून जायचं गणित बघा. एकेक तासाची दोन उड्डाणं आणि मध्ये दीड-दोन तासांची थांबणूक म्हणजे झाले साडेतीन-चार तास. शिवाय मोठ्या विमानतळावर धावपट्टीसाठी रांग, उतरण्याआधी आकाशात घिरट्या. अंतर १,००० किलोमीटर झालं, तर एटीआर थेट जेटपेक्षा पाऊण तास मागे पडेल, पण विमान बदलून जाणाऱ्याच्या आधी तरीही पोहोचेल.

आरामाच्या बाबतीत जेट उजवं आहे. एटीआर ढगांच्या पट्ट्यातूनच जातं, त्यामुळे पावसाळी हवेत हादरे जास्त बसतात. पंख्यांच्या रेषेतल्या पुढच्या रांगांत घरघरही मोठी असते. म्हणून मागची सीट घ्यावी: आवाज कमी, आणि प्रवाशांचं दार मागेच असल्याने उतरायलाही आधी मिळतं. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते, हे मला फार आवडतं. डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची बॅग विमानाच्या दाराशी काढून घेऊन खाली सामानात टाकतात, तेव्हा औषधं आणि कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

थेट विमानाची खरी अडचण वेगळीच आहे. दिवसाला एकच फेरी असेल आणि ती रद्द झाली, तर दिवस गेलाच. अनेक छोट्या विमानतळांवर कमी दृश्यमानतेत उतरवणारी यंत्रणा नसते, त्यामुळे धुक्यात मोठ्या विमानतळावर विमानं उतरत असताना इथे वाट पाहावी लागते. तसं पाहिलं तर विमान बदलून गेलात, तरी शेवटी उतरायचं याच धावपट्टीवर. फायदा इतकाच, की मोठ्या विमानतळावरून पुढचं दुसरं विमान मिळू शकतं. तेही दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर. वेगवेगळी तिकिटं काढली असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी जबाबदारी तुमचीच, आणि सामानही बाहेर येऊन पुन्हा द्यावं लागतं.

त्यामुळे थेट विमान त्या दिवशी असेल, तर तेच घ्या. धुक्याच्या दिवसांत दुपारची फेरी निवडा. फेरी फक्त पहाटेची असेल आणि त्याच दिवशी पोहोचणं अटळ असेल, तर आदल्या दिवशी निघा.