माइनक्राफ्टमधील जीव: नियमांत बांधलेली भीती

सांगलीतील आमच्या घरी मुलांसोबत माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगाचा व्हिडिओ गेम खेळताना मला सर्वाधिक भावते ती त्यातील जीवांमागची शिस्त. २०२१ मधील १.१८ आवृत्तीपासून झोंबी, सांगाडे आणि क्रीपर (जवळ येऊन स्फोट करणारा जीव) खेळातील नेहमीच्या जगात निसर्गतः उपजतात ते मशालीसारख्या दिव्यांचा प्रकाश अगदी शून्य असलेल्या काळोख्या जागी, आणि तेही खेळाडूपासून किमान २४ ठोकळे दूर; पूर्वी ही प्रकाशमर्यादा ० ते १५ च्या मापावर ७ होती, त्यामुळे आता थोड्या मशालींतही घर सुरक्षित राहते. उन्हात झोंबी पेटतात, कोळी शांत होतो, क्रीपर मात्र तसाच हिंडतो आणि मांजर आणि ऑसेलॉट या रानमांजराला भितो. हे स्वभावभेद मला फार विचारपूर्वक घडवलेले वाटतात. गाईंचे वर्तन त्या मानाने साचेबद्ध आहे: गहू भरवताच वासरू जन्मते आणि २० मिनिटांत मोठे होते, हे गोठा जवळून पाहिलेल्या आमच्या मुलांना पटत नाही.