सूर्याबरोबर फिरणाऱ्या सोलर स्ट्रक्चरमध्ये मी कसा फसलो

घरावर सोलर बसवायचा विचार करत असाल आणि कुणी तुम्हाला 'फिरणारं स्ट्रक्चर घ्या, ४० टक्के जास्त वीज मिळेल' असं सांगत असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. मी ८ पॅनेलसाठी ट्रॅकर, म्हणजे असंच सूर्यामागे फिरणारं स्ट्रक्चर, घेतला. ४-४ पॅनेलची दोन टेबलं, प्रत्येकाला एक मोटर, सकाळी पूर्वेकडे तोंड आणि संध्याकाळी पश्चिमेकडे.

ज्या प्रात्यक्षिकावर मी भुललो ते आधी सांगतो, कारण तेच तुम्हालाही दाखवलं जाईल. सेल्समन सकाळी आठच्या सुमारास आला. गच्चीवर एक पॅनेल आडवं ठेवलं, वायरला क्लॅम्प मीटर (वायरमधून जाणारा करंट मोजणारं यंत्र) लावला. ४.१ अँपिअर. मग तेच पॅनेल उचलून सूर्यासमोर धरलं आणि आकडा ७.६ वर गेला. 'बघा साहेब, जवळजवळ दुप्पट!' मीटर खरा होता, आकडाही खरा होता. मला दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही.

फसवणूक होती ती वेळ निवडण्यात. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना आडव्या पॅनेलवर थेट उन्हाचा निम्माच भाग पडतो, त्यामुळे दुप्पट फरक दिसणारच. सूर्य ६० अंशांवर आला की तोटा १३ टक्क्यांवर येतो आणि डोक्यावर आला की जवळजवळ संपतो. दिवसाची बहुतेक वीज दुपारच्या आसपासच्या तासांत तयार होते आणि नेमक्या त्याच तासांत ट्रॅकरला करण्यासारखं फारसं काही नसतं. तो माणूस दुपारी बारा वाजता मीटर घेऊन आला असता, तर मी ट्रॅकर घेतलाच नसता. शिवाय पक्कं, म्हणजे न फिरणारं स्ट्रक्चर कुणी आडवं बसवत नाही. ते साधारण अक्षांशाएवढ्या कोनात, विषुववृत्ताच्या बाजूला कललेलं असतं. तुलना त्याच्याशी करायला हवी होती.

तो ४० टक्क्यांचा आकडाही हवेतला नव्हता, म्हणून जास्त धोकादायक. भरपूर स्वच्छ ऊन असलेल्या जागी, दोन अक्षांवर फिरणाऱ्या, म्हणजे पूर्व-पश्चिम वळणाऱ्या आणि सूर्याच्या उंचीप्रमाणेही कलणाऱ्या ट्रॅकरला ३० ते ४० टक्के वाढ मिळू शकते. मला विकलेला ट्रॅकर एकाच अक्षावर, फक्त पूर्व-पश्चिम फिरणारा होता. एका अक्षाचा चांगला ट्रॅकर, मोकळ्या जागेत, १५ ते २५ टक्के देतो. कोटेशनमध्ये कुठला अक्ष हे लिहिलेलंच नव्हतं, फक्त 'ऑटोमॅटिक सन ट्रॅकिंग'.

आणि गच्ची म्हणजे मोकळं मैदान नव्हे. पहिल्याच आठवड्यात सकाळी वर गेलो तर पूर्वेकडचं टेबल सूर्याकडे तोंड करून उभं आणि त्याची लांब सावली मागच्या टेबलावर. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, त्यामुळे थोड्या सावलीनेही अख्ख्या ओळीची वीज पडते. ज्या सकाळच्या वाढीसाठी पैसे मोजले, तीच सावलीत गेली. संध्याकाळी हेच उलट बाजूने. मोठ्या प्रकल्पांत ओळींमध्ये भरपूर अंतर सोडतात आणि सावली पडायला लागली की ट्रॅकर मुद्दाम मागे कलतो. माझ्या मोटरी फिरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये ती सोयच नव्हती.

दीड वर्षात एका टेबलाची मोटर गेली. पॅनेल पश्चिमेला तोंड करून अडकली आणि सकाळची वीज जवळपास बंद झाली. साध्या पक्क्या स्ट्रक्चरपेक्षाही वाईट अवस्था. विक्रेत्याचा फोन आधी उचलला जात नव्हता, मग लागतच नव्हता. कंट्रोलर त्यांचाच, दुसऱ्या कुणाकडे त्याचे भाग नाहीत. ज्या पॅनेलांना २५ वर्षांची कामगिरीची हमी आहे, त्यांच्याखाली १ वर्षाच्या वॉरंटीची मोटर बसवली होती, हे मला तेव्हा जाणवलं. शेवटी ओळखीच्या फिटरने टेबल मोकळं करून योग्य कोनात बोल्टने आवळून दिलं.

त्यातून एक गोष्ट मात्र कळली. इन्व्हर्टरला दोन वेगळे इनपुट असल्यामुळे पक्कं टेबल आणि फिरतं टेबल यांचे आकडे शेजारी शेजारी दिसू लागले. महिनाभर रोज लिहून ठेवले. स्वच्छ उन्हाच्या दिवशी फिरतं टेबल १० ते १२ टक्के पुढे, आणि ढगाळ दिवशी दोन्ही सारखीच. ढगातून येणारा उजेड सगळीकडून येतो, मग तोंड फिरवून मिळणार काय?

वाऱ्याचं तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. कललेलं टेबल शिडासारखा वारा पकडतं. जोराचा वारा सुटला की ट्रॅकरने आडवं व्हायला हवं आणि त्यासाठी वारा मोजणारा सेन्सर लागतो. कोटेशनमध्ये तो होता, गच्चीवर नव्हता. एका वादळी रात्री खालच्या खोलीत ठोके ऐकू येत होते, सकाळी बघितलं तर पायाचे दोन अँकर बोल्ट ढिले. त्यांच्याभोवती स्लॅबला भेग गेली होती आणि पुढच्या पावसात तिथूनच पाणी झिरपलं.

ट्रॅकर वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. सपाट जमिनीवर, लांबच लांब ओळींना एक मोटर, देखभालीला माणसं, अशा मोठ्या प्रकल्पांना तो परवडतो. घरी ८ पॅनेलांना नाही. ट्रॅकरसाठी मी दिलेल्या जादा पैशांत साध्या स्ट्रक्चरवर आणखी ४ पॅनेल सहज बसली असती, म्हणजे दीडपट वीज, आणि बिघडायला एकही फिरता भाग नाही.

तुमच्याकडे कुणी आलं तर क्षणाचे अँपिअर बघू नका. वर्षभराचे युनिट लेखी मागा, ढगाळ महिन्यांसकट, आणि तेवढ्याच पैशांत जादा पॅनेल लावली तर किती युनिट मिळतील ते शेजारच्या रकान्यात लिहून मागा. मोटर आणि कंट्रोलर गेल्यावर भाग कुठे मिळणार हेही लिहून घ्या. माझ्या कोटेशनमध्ये यातलं एकही वाक्य नव्हतं.

दुसरं टेबलही मी मागच्या आठवड्यात पक्कं करून घेतलं. दोन्ही मोटरी जिन्याखाली पडून आहेत.