संतकथांची हिवाळी पेटी: कथा उत्तम, थंडी मात्र घाटावरची

चार ते सात वर्षांच्या मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांसाठी टपालाने मिळणारी ही पेटी आहे. मार्गशीर्ष ते माघ असे बारा आठवडे, त्यांचे बारा लिफाफे. प्रत्येक लिफाफ्यात एक संतकथा, एक हस्तकाम आणि त्या आठवड्याच्या सणाची माहिती. सोबत पुठ्ठ्याच्या काठीबाहुल्या, अर्धा किलो शाडू, तिळाची पुडी, मुळ्याच्या बिया, भिंतीवर लावायचं कॅलेंडर आणि पालकांसाठी चाळीस पानांची पुस्तिका. किंमत 1,850 रुपये, टपालखर्च वेगळा. विक्रेत्याचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही, कारण यातल्या उणिवा एकट्या त्याच्या नाहीत. अशा बहुतेक पेट्या पुण्यात बसून, पुण्याची थंडी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या असतात. कथा कुठेही चालतात, ऋतू चालत नाही. दापोलीसारखी जागा सोडली तर कोकणच्या किनाऱ्यावरच्या मुलाला शेकोटी, हुरडा आणि लोकरी टोपी ही चित्रातच भेटणार. म्हणून पेटी घ्यायची तर तिच्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे आधी ठरवलेलं बरं.

सुरुवात कॅलेंडरपासून, कारण पहिला घोटाळा तिथेच आहे. सणांपुढे तारखा छापल्या आहेत, तिथ्या नाहीत. एका वर्षापुरतं ते ठीक. पण पेटी धाकट्या भावंडासाठी पुढच्या वर्षी पुन्हा काढली, की सगळं घसरतं. 2025 मध्ये देवदिवाळी, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, 21 नोव्हेंबरला आली. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तीच तिथी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाते. चंपाषष्ठी, दत्तजयंती, रथसप्तमी यांचंही तसंच. संक्रांत मात्र सूर्यावर चालते, म्हणून ती 14-15 जानेवारीला ठाण मांडून असते, आणि नाताळ तर इंग्रजी तारखेचाच. त्यामुळे दरवर्षी लिफाफ्यांचा क्रम बदलतो. उपाय सोपा: लिफाफ्यावरची तारीख खोडून तिथी लिहायची आणि घरातल्या पंचांगाशी जुळवून घ्यायचं. पाच वर्षांच्या मुलाला चंद्राची कोर रोज रात्री कागदावर काढायला लावली, तर महिनाभरात तिथी म्हणजे काय ते आपोआप कळतं. पुस्तिकेत ही साधी गोष्ट नाही.

देवदिवाळीच्या लिफाफ्यात पणत्या रंगवायला दिल्या आहेत, बस. कोकणात त्या दिवशी कुलदैवत, ग्रामदैवत, वेतोबा, स्थळदेवता अशी नैवेद्याची पानं वाढली जातात. ती मोजणं, प्रत्येक पान कुणाचं हे विचारणं, त्या देवाचं ठिकाण गावाच्या नकाशावर दाखवणं, हा चार वर्षांच्या मुलाचा गणिताचा, भूगोलाचा आणि घरच्या इतिहासाचा पाठ एका सकाळीत होतो. पणत्या हव्या तर रंगवाव्यात.

आता कथांकडे. निवड चांगली आहे आणि भाषाही ठीक, उपदेश फार कमी. मुक्ताबाईसाठी ज्ञानेश्वरांनी पाठीवर मांडे भाजू दिले ही कथा नीट सांगितली आहे. मात्र कोकणातल्या मुलाने मांडा पाहिलेलाच नसतो. आधी बिडाच्या तव्यावर घावन घालून दाखवावा, मग सांगावं की मांडा याच्याहून पातळ आणि कितीतरी मोठा. (पाठ तापवून पाहण्याचा प्रयोग मुलं करणारच. चुलीपाशी लक्ष असू द्यावं.) चांगदेव आणि चालत्या भिंतीच्या कथेसाठी पुठ्ठ्याची भिंत दिली आहे, ती पहिल्याच दिवशी मोडते. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दोन कपऱ्या पुरतात.

गोरोबाकाकांच्या लिफाफ्याबाबत मात्र सावध राहायला हवं. चिखल तुडवताना मूल पायाखाली आलं, ही कथा पेटीत सौम्य करून का होईना, घातली आहे. सात वर्षांखालच्या मुलासमोर ती सांगू नये. सौम्य केल्याने तिचा अर्थ जातो आणि भीती तेवढी उरते. त्याऐवजी संतमेळ्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून पक्कं मडकं कुठलं आणि कच्चं कुठलं ते पाहिलं, आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा घ्यावी. ती याच लिफाफ्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे! तिला जोडून शाडूचं काम उत्तम जमतं. अर्ध्या किलोत मुठीएवढी तीन मडकी होतात. भिंत सगळीकडे करंगळीएवढी जाड ठेवायची आणि सावलीत तीन-चार दिवस वाळवायची. उन्हात ठेवली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि तडा जातो. रोज लाकडी चमच्याने हलकेच ठोकायचं. ओलं मडकं ‘थप’ करतं, वाळलेलं थोडं मोकळं बोलतं, आणि शेजारी भाजलेली पणती ठेवून ठोकली की ती खणखणते. कच्चं-पक्कं या शब्दांचा अर्थ मूल कानाने शिकतं. अंगणातली तांबडी माती यासाठी वापरू नये, तिच्यातल्या खड्यांमुळे मडकं फुटतं.

एकनाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, या कथेसाठी कागदी पेले आणि सुतळी आहे. पेले दहा मिनिटांत ओले होऊन बसतात. दोन सारख्या करवंट्या घ्याव्यात, प्रत्येकीला काठाजवळ तीन भोकं पाडावीत, सुंभाने बांधून हातभर काठीला टांगाव्यात. विहिरीपासून तुळशीपर्यंत मुलाला चालू द्यावं. किती सांडलं, एक कळशी भरायला किती खेपा लागल्या, कावड एका बाजूला का कलते हे सगळं त्यात येतं. कावड कलते ती बहुधा दोन्ही करवंट्यांत पाणी सारखं नसल्यामुळे.

सावता माळ्याचा लिफाफा सातव्या आठवड्यात आहे, म्हणजे जानेवारीत. ही पेटीतली सर्वांत महाग चूक. मुळा पेरल्यापासून साधारण चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी काढायला येतो. जानेवारीच्या मध्यावर पेरला तर फेब्रुवारीअखेरीच्या उन्हात तो तिखट आणि दोरखंड होतो, कधी थेट फुलावर जातो. सावतोबांची पुण्यतिथी आषाढात, तेव्हा ही कथा थंडीत अमुकच आठवड्यात सांगावी असं काही नाही. भातकापणी संपली की हा लिफाफा सर्वांत आधी फोडावा. पेटीतली वीतभर कुंडी मुळ्याला पुरत नाही, निदान एक फूट खोली हवी. एक भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. कातळावरची माती तशीच भरली तर मुळे वाकडे आणि दुशिंगी निघतात. बी पेराभर खोल टाकावं. तीन ते पाच दिवसांत उगवतं, आणि मुलाची वाट पाहण्याची ताकद तेवढीच असते, म्हणून मुळाच योग्य. दोन पानांवर आला की विरळणी करून चार बोटं अंतर ठेवावं. उपटलेली रोपं टाकून न देता भाजीत घालावीत. नोव्हेंबरअखेर पेरलेला मुळा भोगीच्या भाजीला घरचा मिळतो, आणि कांदा-मुळ्यात विठाई पाहणारा माणूस मुलाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नाताळाच्या लिफाफ्यात संत निकोलस आहे, पण बर्फात आणि घसरगाडीवर. खरा निकोलस मायराचा बिशप. ते गाव आजच्या तुर्कस्तानच्या भूमध्य समुद्रकिनाऱ्यावर, आणि ख्रिस्ती परंपरेत तो खलाशांचा पाठीराखा संत. मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलाला बर्फापेक्षा हे कितीतरी जवळचं. त्याचा दिवस 6 डिसेंबर. गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, ही कथा दिली आहे आणि ती चांगली आहे. चपलेत खाऊ ठेवण्याची सूचना मात्र पडवीत पाळू नये, सकाळी तो मुंग्यांचा सण होतो. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात ज्यांचं फेस्त भरतं ते फ्रान्सिस झेवियर पेटीत नाहीतच. 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांचा देह आज बॉम जेझू बॅसिलिकात आहे. शेजारी ख्रिस्ती घर असेल तर त्या आठवड्यात तिथल्या नेवऱ्या आणि चांदणीचा कंदील बघायला नेणं कुठल्याही कथापत्रापेक्षा बरं.

कोकणातला संत तर पेटीत एकही नाही. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये आणि त्यांची फणसाच्या गऱ्यांची गोष्ट घालायला काय हरकत होती? फणस उन्हाळ्याचा हे मान्य, पण मूल ते चालवून घेतं.

दत्तजयंतीचा लिफाफा जसाच्या तसा वापरावा. दत्तात्रेयांचे चोवीस गुरू म्हणजे पृथ्वी, वारा, समुद्र, कोळी, मधमाशी, मासा. लहान मुलासाठी याहून चांगली निसर्गाची यादी मिळणार नाही. चोवीसही सांगण्याचा हट्ट नको. जे पाच-सहा परसात आणि पुळणीवर दाखवता येतात तेवढेच.

काठी-सावलीचा उपक्रम हा पेटीचा सर्वांत चांगला भाग आहे, आणि तो एका ओळीने बिघडवला आहे: ‘दुपारी बरोबर बारा वाजता सावली मोजा.’ आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं, आणि रत्नागिरी 73.3 च्या आसपास. त्यामुळे तिथे सूर्य माथ्याच्या रेषेवर डिसेंबरअखेरीस 12.40 च्या सुमारास येतो, जानेवारीअखेरीस 12.50 च्या जवळपास. बाराला मोजलेली सावली सर्वांत आखूड नसतेच, शिवाय ती उत्तरेऐवजी थोडी पश्चिमेकडे झुकलेली असते. पुस्तिकेतला ‘सावलीचं टोक म्हणजे उत्तर’ हा बाण म्हणून चुकतो. नीट करायचं तर असं: काठी सपाट खळ्यात, म्हणजे अंगणात, जमिनीवर बरोबर एक मीटर उरेल अशी रोवा, दोऱ्याला दगड बांधून ती ओळंब्यात आहे का पाहा. 12.20 पासून 1.05 पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला रांगोळीचा ठिपका. सर्वांत आखूड सावलीएवढा सुंभ कापून भिंतीवर टांगायचा, त्यावर तारीख. रत्नागिरीत 22 डिसेंबरला तो सुमारे 85 सेंटिमीटर भरतो, संक्रांतीला 79, 25 जानेवारीच्या सुमारास 73. ओळीने टांगलेले आखूड होत जाणारे सुंभ म्हणजे उत्तरायण. मग रथसप्तमीला बोळक्यात दूध उतू घालताना सूर्याचा रथ वळला म्हणजे काय, हे भिंतीकडे बोट दाखवून सांगता येतं. काठी कलली असेल किंवा जमीन उताराची असेल, तर आकडे चार-पाच सेंटिमीटरने सहज चुकतात.

संक्रांतीच्या लिफाफ्यातल्या तिळाला दमट हवेत खवट वास येतो. ते टाकून ताजे आणावेत. लाडवाच्या कृतीत ‘गूळ’ एवढंच लिहिलंय. साध्या गुळाचा पाक इथल्या हवेत संध्याकाळपर्यंत ओशट होतो, चिक्कीचाच हवा: पाव किलो भाजलेल्या तिळाला 200 ग्रॅम गूळ, 75 ग्रॅम दाण्याचं कूट, चमचाभर तूप. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर टणक गोळी झाली पाहिजे. पण गरम पाकाला लहान मुलाने हात लावायचा नाही. त्याच्यासाठी एक वाटी तीळकूट, पाऊण वाटी मऊ गूळ आणि पाव वाटी दाण्याचं कूट खलबत्त्यात कुटून चमचाभर तुपाने वळावं. हे लाडू स्टीलच्या डब्यात चार-पाच दिवस टिकतात. सुगडासाठी गव्हाच्या ओंब्या मिळाल्या नाहीत तर भाताची लोंबी चालते. बोरन्हाणात चार वर्षांखालच्या भावंडाच्या हाती बोरं आणि अख्खे दाणे लागू देऊ नयेत, घशात अडकतात.

हुरड्याचा लिफाफा सरळ बाजूला ठेवावा आणि पोपटी लावावी. अलिबागकडे ती थंडीचीच. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा (एका वासाच्या रानरोपाचा) पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे नाहीतर अंडी, तोंडाशी पुन्हा दाबून पाला. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि सुकी लाकडं पेटवायची. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारावा, पाणी चर्र करून लगेच उडालं की झालं. पाला कमी पडला तर शेंगा करपतात.

काठीबाहुल्यांचा पुठ्ठा खाऱ्या हवेत आठवड्यात वाकडा होतो. पोफळीच्या वाळलेल्या विरीवर (झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद सालीवर) चित्रं चिकटवून मागे चुडताचा हीर, म्हणजे माडाच्या पातीची काडी, लावला तर त्या हंगामभर राहतात.

पेटी म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, हे सहा वर्षांपुढच्या मुलांच्या पालकांनी लक्षात घ्यावं. वाचन-लेखनाचं तीत जवळजवळ काही नाही. पुढे परीक्षा द्यायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मूलभूत शिक्षणाचा पहिला स्तर तिसरीच्या तोडीचा असतो, त्याची तयारी वेगळी करावी लागेल.

कथापत्रं आणि पुस्तिका सुट्या मिळतात का, हे आधी विचारावं. मिळत असतील तर तेवढीच घ्यावीत, कारण बाकीचं सगळं सामान परसात आणि बाजारात आहे. पूर्ण पेटी घ्यायचीच असेल तर ती त्रिपुरी पौर्णिमेच्या आत हाती येईल अशी मागवावी, म्हणजे मुळा वेळेवर पेरता येईल.