सरकारी एमआर की खासगी एमएमआर? दोन मुलांनंतरचं माझं मत

बाळ नऊ महिन्यांचं व्हायला आलं की हा प्रश्न घराघरांत निघतो. आशाताई दारात येऊन सांगतात, "गोवर-रुबेलाची लस, म्हणजे एमआर, द्यायची आहे, बुधवारी घेऊन या." त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ म्हणतात, "आपण एमएमआर देऊ, त्यात गालगुंडावरची लसही येते." मग आईबाबा फोन फिरवत बसतात. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. थोरलीला सरकारी केंद्रात एमआर दिली, धाकट्याला खासगी दवाखान्यात एमएमआर. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाला काही आजार असेल तर अर्थातच डॉक्टरांचं ऐका. बाकीच्यांना माझा अनुभव थोडाफार उपयोगी पडेल असं वाटतं.

लस द्यावी की नाही, हा इथे विषयच नाही. लशीमुळे ऑटिझम होतो हे सांगणारा १९९८ चा तो ब्रिटिश लेख तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरची नोंदणीही त्याच वर्षी रद्द झाली. तरी तो मेसेज अजून फिरतो. आमच्या घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मी एवढंच उत्तर लिहिलं आणि पुढे काही बोललो नाही.

गोवरापुरतं बोलायचं तर दोन्ही लशींत डावंउजवं करण्यासारखं मला काही दिसत नाही. खासगीत मिळणाऱ्या एमएमआरपैकी एक आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीच आहे, आणि सरकारी एमआरही बरीच तिथूनच येते. "फुकटची लस हलकी असते" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. फरक आहे तो गालगुंडाचा, डोस देण्याच्या वेळांचा आणि कुपीचा. माझं मत बनलं ते कुपीमुळे, म्हणून ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

थोरलीला नऊ महिने पूर्ण झाले ते २०२२ च्या घटस्थापनेच्या सुमारास. आमच्या नागरी आरोग्य केंद्रात ही लस एक बुधवार सोडून एक बुधवार असायची. नवरात्रातल्या बुधवारी आम्ही सकाळीच गेलो. केस पेपर झाला, वजन झालं, बाकावर बसलो. तासाभराने सिस्टर म्हणाल्या, "दादा, आज चारच बाळं आहेत. पुढच्या वेळी आणता का?" मला आधी कळलंच नाही. चार बाळं आहेत तर चौघांना द्यायची. मग त्यांनी फ्रीजमधून कुपी काढून दाखवली. अंगठ्याएवढी बाटली, तळाशी पिवळसर पांढऱ्या भुकटीची टिकली, आणि वर एक खूण, गोलात चौकोन. तो चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. ही कुपी दहा डोसांची. भुकटीत द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायची, उरली की टाकायची. पोलिओची उघडलेली बाटली पुढच्या सत्राला चालते, ही चालत नाही. "सहा डोस वाया गेले तर मला वर लिहून द्यावं लागतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, रागावावंसं वाटलं नाही. आम्ही घरी आलो.

त्यानंतरच्या खेपेला ऑफिसातून अर्धा दिवस काढून गेलो, पण पोचेपर्यंत सव्वादोन वाजले. सकाळी दहाला फोडलेली कुपी दोनला टाकून झाली होती. एका बाळासाठी नवीन फोडायला त्या तयार नव्हत्या. त्यापुढचा बुधवार भाऊबीजेचा निघाला, केंद्र बंद.

आणि दिवाळी संपता संपता गोवंडीहून बातम्या यायला लागल्या. गोवराने लहान मुलं दगावली होती. मग भिवंडी, मालेगाव. कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी वॉर्ड भरले. साथीच्या भागात नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा डोस द्यायचं ठरलं. आम्ही मध्य रेल्वेच्या पट्ट्यात राहतो, भिवंडी हाकेच्या अंतरावर. गोवराचा एक रोगी आसपासच्या बारा ते अठरा असंरक्षित माणसांना देऊ शकतो, खोलीतून रोगी निघून गेला तरी दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो, हे मी त्या आठवड्यात वाचलं. लेकीच्या अंगावर घामोळं उठलं तरी मी टॉर्च घेऊन तिच्या कानामागे बघायचो, गोवराचं पुरळ तिथून सुरू होतं म्हणून. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती या वयात ओसरलेली असते आणि लशीची अजून आलेली नसते. ते मधले सहा आठवडे आमच्या वाट्याला नेमके त्या साथीत आले.

नोव्हेंबरातल्या बुधवारी केंद्राबाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. कुपीमागून कुपी फुटत होती. लेकीला दंडात सुई बसली, दोन मिनिटं रडली, झालं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती तुम्ही आधीच लक्षात ठेवा. लसीकरणाच्या नियमात एक बाळ आलं तरी कुपी उघडावी असंच आहे. डोस वाया जाणं परवडतं, बाळ परत पाठवणं परवडत नाही, हे त्यामागचं गणित. तुम्हाला कुणी थांबायला सांगितलं तर नम्रपणे हे सांगा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. बऱ्याच केंद्रांत तशी वेळच येत नाही म्हणे. माझ्या बहिणीने तिच्या तालुक्याच्या गावी दोन्ही डोस दिले, एकदाही परत फिरावं लागलं नाही. तिथे आशाताई आदल्या दिवशी घरोघर फिरून बाळं गोळा करतात, कुपी अर्ध्या तासात संपते. म्हणजे माझा अनुभव सगळीकडे लागू करू नका. पण शहरात, जिथे निम्मी बाळं खासगी दवाखान्यात जातात, तिथे सरकारी बाकावर कमी बाळं जमतात, आणि मग कुपी अडते.

धाकटा जानेवारी २०२४ चा. त्याला नऊ महिने झाले तेव्हा मी आधी खासगी दवाखान्यात फोन केला. लस आहे का, एवढंच विचारलं. शनिवारी संध्याकाळी सात वाजता गेलो. डॉक्टरांनी एका डोसाची छोटी कुपी काढली, द्रावणाची काचेची नळी मोडली, पिचकारीने आत सोडली, हलवली, दिली. त्या कुपीत दुसऱ्या कुणाचा वाटा नव्हता. थांबा, पुढच्या बुधवारी या, दोनच्या आत या, यातलं काहीच नाही. मला त्या क्षणी जे हायसं वाटलं ते खरं म्हणजे २०२२ च्या त्या दोन बुधवारांचं होतं.

तिथेही सगळं सुरळीत असतं असं नाही. पंधराव्या महिन्याच्या डोसाला त्यांच्याकडे दहा दिवस लसच नव्हती. पण ते फोनवर कळलं, बाळाला घेऊन हेलपाटे पडले नाहीत. आणि पैसे लागतात. आम्हाला प्रत्येक वेळी तपासणीच्या फीसकट हजाराच्या आत खर्च आला. तीन डोस धरले तर ही काही थोडी रक्कम नव्हे, विशेषतः त्याच वयात बाकीच्या खासगी लशींचीही बिलं येत असताना.

आता गालगुंड. सरकारी कार्यक्रमात ते नाही, कारण गोवर जीव घेतो आणि गरोदरपणी झालेला रुबेला पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडवतो. त्यांच्यापुढे गालगुंड सौम्य मानलं जातं. बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र बरीच वर्षं सरकारकडे एमआरच्या जागी एमएमआर मागते आहे. मी स्वतः गालगुंडाला फारसं महत्त्व देत नव्हतो. आमच्या लहानपणी ते सगळ्यांनाच व्हायचं, आजी गालांना गरम लेप लावायची. मग २०२४ च्या सुरुवातीला केरळात हजारो मुलांना झालं, आपल्याकडेही शाळांमधून ऐकू यायला लागलं आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पुतण्याला झालं. सात वर्षांचा पोरगा. त्याला लहानपणी गोवराची लस मिळाली होती, गालगुंडाची नाही. एका बाजूचा गाल सुजून कानाची पाळी वर उचलली गेली होती. जेवताना वहिनीने लिंबू चिरलं तर तो नुसतं बघूनच गाल धरून रडायला लागला. आंबट दिसलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि नेमक्या त्याच ग्रंथी सुजलेल्या. आठवडाभर पेज आणि मऊ भात. तो बरा झाला. पण डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला लहानपणी झालं होतं का?" मोठ्या पुरुषांना अंडकोशाची सूज येऊ शकते, क्वचित कुणाचा एक कान कायमचा जातो. माझा धाकटा तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. मी पंधरा दिवस वरच्या मजल्यावर गेलो नाही.

एमएमआर घेतली म्हणजे गालगुंड होणारच नाही असं नाही. दोन डोसांनंतर गोवराविरुद्ध संरक्षण साधारण ९७ टक्के सांगतात, गालगुंडाविरुद्ध ८८ च्या आसपास. पण एमआरमध्ये त्याच्यापुरता आकडा शून्यच.

डोसांच्या वेळा थोड्या वेगळ्या आहेत. सरकारी एमआर नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग १६ ते २४ महिन्यांत. खासगी एमएमआर नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान तिसरी. वर्षाच्या आत दिलेला डोस काही बाळांत पूर्ण लागू पडत नाही, म्हणून दुसरा चुकवायचा नाही, वाट कुठलीही असो. माझ्या पाहण्यात लोक पहिल्याला धावतात आणि दुसरा विसरतात. साधी सर्दी असली तरी तो पुढे ढकलायची गरज नसते. लशीनंतर पाच ते बारा दिवसांनी ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकतं. धाकट्याला आठव्या दिवशी आलं, दोन दिवसांत गेलं. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो.

खासगी वाटेचा एक तोटा मी स्वतः केलेल्या चुकीतून शिकलो. सरकारी केंद्रात एमआरबरोबर जीवनसत्त्व अ चा तोंडावाटे डोस मिळतो, पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. थोरलीचे ते आपोआप झाले. धाकट्याच्या वेळी दवाखान्यात तो विषय निघालाच नाही, मीही विचारलं नाही. आशाताई यादी घेऊन आल्या, त्यांच्या वहीत धाकटा 'राहिलेला' दिसत होता. मी दवाखान्याची फाइल दाखवली, त्यांनी एमएमआर लिहून घेतली आणि विचारलं, "व्हिटॅमिन ए?" मग दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन तो पाजून आणला. सिस्टर त्याच होत्या. तेव्हा खासगीत जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या, नोंद त्यातच करून घ्या आणि ते कार्ड आशाताईंना दाखवा.

परदेशी जायची शक्यता असेल तर आणखी एक. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे. त्याच्या मुलीला तिथल्या शाळेसाठी एमएमआरचे डोस पुन्हा घ्यावे लागले, कारण तिथे पहिल्या वाढदिवसानंतरचेच डोस धरतात, आणि एमआरमध्ये गालगुंड नसल्याने तो भाग मोकळाच राहतो. इथे दिलेला नवव्या महिन्याचा डोस फुकट जात नाही, आपल्याकडच्या गोवरासाठी तो हवाच. फक्त तिकडच्या कागदात तो मोजत नाहीत.

मला कुणी विचारलं तर मी काय सांगतो? नवव्या महिन्याला जिथे त्या आठवड्यात लस मिळेल तिथे जा. गावात चांगलं चालणारं केंद्र असेल तर तिथेच, डोळे झाकून. खिसा बघावा लागत असेल तर पहिला डोस सरकारी आणि पंधराव्या महिन्याचा तेवढा एमएमआर, हा मधला मार्ग पुष्कळ डॉक्टरांना मान्य असतो. आधी एमआर झाली असली तरी निदान चार आठवड्यांचं अंतर ठेवून एमएमआर देता येते. थोरलीला आम्ही पुतण्याच्या आजारपणानंतर तशीच दिली. पण शहरात राहत असाल आणि परवडत असेल, तर माझा कल एमएमआरकडे आहे. गालगुंड हे त्याचं एक कारण. मोठं कारण ती एका बाळापुरती कुपी, जी दुसऱ्या नऊ बाळांची वाट बघत नाही.

धाकट्याचा तिसरा डोस २०२८ मध्ये. तारीख कार्डावर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे आणि तिच्याखाली सिस्टरांनी जीवनसत्त्व अ च्या दिलेल्या डोसांवर निळ्या शाईने खुणा केल्या आहेत. पुढचा डोस येत्या महिन्यात पाजायचा आहे.